बाईंचा आवाज गेला तेव्हा

नाशकातल्या एका खाजगी शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवत होते. नववी-दहावीचे भरगच्च वर्ग, चाचण्या, पेपर तपासणं, पालकसभा, आणि पुन्हा चाचण्या. काही वर्षांनी मला माझ्याच शिकवण्याचा कंटाळा यायला लागला. धडा कुठल्या वाक्यावर आला की मुलं कुठे हसणार, हेसुद्धा पाठ झालेलं. नवरा म्हणाला, "एम.एड. करून टाक. नाहीतर रोज घरी येऊन अशीच चिडचिड करत बसशील." मग बिनपगारी रजा टाकली आणि चाळिशीच्या तोंडावर पुन्हा बाकावर जाऊन बसले.

आमचा वर्ग अगदी लहान होता. सगळेच कुठे ना कुठे शिकवणारे, त्यामुळे सगळे एकमेकांना सर नाहीतर मॅडमच म्हणायचे. मग ओळखायला गाव लावायची पद्धत पडली. मी चांदवडची मॅडम, कारण माहेर तिकडचं. एका शाळेतल्या पर्यवेक्षिका सकाळची शाळा करून ओझरहून यायच्या, त्या ओझरच्या मॅडम. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतून आलेले शिक्षक होते, सुट्टी मिळाली की शाळेवर जाऊन येणारे, ते पेठचे सर. आणि आम्हाला शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवायला ज्या प्राध्यापिका होत्या, त्यांना एवढ्या मॅडमच्या गर्दीत वेगळं काय म्हणायचं, म्हणून आम्ही नुसतं बाई म्हणायला लागलो. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. बुटक्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "हे शिक्षण तुम्हाला कशासाठी हवंय? खरं सांगा, मार्क नाहीत याला."

ओझरच्या मॅडम म्हणाल्या, "मुख्याध्यापकपदासाठी." त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे मला आवडलं. मी काहीतरी गोलगोल बोलले. पेठचे सर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या शाळेतून पोरं पळून जातात, बाई. का जातात ते समजून घ्यायचं हाय."

वर्गात कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या, "हे आपण बघू."

पण ते बघायचं राहून गेलं. अभ्यासक्रम मोठा होता आणि बाई तो मन लावून शिकवायच्या. आम्ही लिहून घ्यायचो. चिंतनशील शिक्षक म्हणजे काय, त्याची लक्षणं कोणती, शिक्षणात आस्थेचं स्थान काय. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे माझ्या टिपणांच्या झेरॉक्स सगळ्यांकडे. दिवाळीपर्यंत आम्हाला चिंतनशील शिक्षकाची लक्षणं झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती.

दिवाळीच्या सुमारास बाईंचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. त्या हळद-दूध, ज्येष्ठमध वगैरे करून येत राहिल्या. मग शब्दांचे तुकडे पडायला लागले. वाक्याचं पहिलं अर्धं ऐकू यायचं, उरलेलं नुसतं वारं. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आयुष्यभर मोठ्या वर्गांना मोठ्याने शिकवून स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. बऱ्याच शिक्षकांना होतं म्हणे हे. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने उलट जास्त त्रास होतो.

आम्हाला वाटलं, आता बाईंचा तास रिकामा. ओझरच्या मॅडमनी तर त्या वेळात ग्रंथालयात बसायचं ठरवूनही टाकलं होतं. पण सोमवारी बाई दारात हजर. गळ्याभोवती स्टोल, चेहरा उतरलेला. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "मला बोलायला मनाई आहे. ऐकायला नाही. तुम्ही बोला." आणि त्या आमच्यातच, रिकाम्या बाकावर येऊन बसल्या.

बोला म्हणजे काय बोला? एकमेकांकडे बघून झालं. शेवटी मी माझी टिपणं काढली आणि वाचायला लागले. बाकीचे माना डोलवत होते. बाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग उठल्या, फळा पुसला आणि लिहिलं, "हे पुस्तकात आहे. तुमच्या वर्गात काय आहे?"

बाहेर रस्त्यावर द्वारका चौकाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत होते आणि आत आम्ही सगळे, रोज तासन् तास बोलून पोट भरणारी माणसं, खाली बघत बसलो होतो.

पेठचे सर म्हणाले, "मी सांगू का?"

त्यांच्या आश्रमशाळेत दुसरीत एक मुलगी होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर कामाला जायचे. घरी आत्या आणि लहान भाऊ. मुलीचं शिक्षण व्हावं, दोन वेळचं जेवण मिळावं, म्हणून वडिलांनी तिला आश्रमशाळेत घातलेलं. ही मुलगी वर्गात एक शब्द बोलत नसे. आणि संधी मिळाली की पळायची. डोंगरातून पायवाटेने थेट तिच्या पाड्यावर. दर वेळी सर मोटरसायकल काढून तिला परत आणायचे.

"रागवायचो नाय मी," सर म्हणाले. "बिस्किटाचा पुडा द्यायचो, गाडीवर बसवायचो. तीपण बसायची मुकाट. थोडे दिवस गेले की पुन्हा पळायची."

ओझरच्या मॅडम लगेच सरसावल्या. "सर, कुंपणाचं काय? रात्री पहारेकरी आहे की नाही? आणि तिचं समुपदेशन—"

बाईंनी तळहात वर केला. ओझरच्या मॅडम वाक्य अर्धं टाकून थांबल्या. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. "मग?"

सर त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "मागच्या खेपेला मी तिला आणायला गेलो तर ती अंगणात भावाला घेऊन बसलेली. त्याच्याशी इतकी बोलत होती, इतकी बोलत होती, मला वाटलं ही दुसरीच पोर. मी दिसलो आणि गप झाली. भावाला खाली ठेवलं आणि येऊन गाडीपाशी उभी राहिली. मी काय म्हणालोसुद्धा नव्हतो."

या वेळी मध्ये कुणी पडलं नाही.

"मीपण पळायचो," सर म्हणाले. "मी आश्रमशाळेतच शिकलो ना. माझे वडील मला खांद्यावर घेऊन परत सोडायला यायचे. रस्ताभर ते बोलायचे नाय, मी बोलायचो नाय. आता मला लय वेळा वाटतं, त्यांना काय वाटत असेल. मी हे विसरलोच होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, पण कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं."

तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. बाई सरांच्या बाकापाशी गेल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी उचलून बाहेर पडल्या.

त्या दिवसानंतर तो तास बदलला. रोज कुणीतरी आपल्या वर्गातलं, शाळेतलं काहीतरी घेऊन यायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, विचारायचंच असेल तर "मग?" एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. आम्हाला ते भयंकर जड गेलं. शिक्षकाला उत्तर माहीत असतं, निदान माहीत असल्यासारखं दाखवावं तरी लागतं. ओझरच्या मॅडम तर सुरुवातीला ओठ दाबून बसायच्या, चेहरा लाल व्हायचा.

एक दिवस त्यांनीच सांगितलं. त्यांच्या शाळेत एक तरुण शिक्षिका रोज उशिरा यायची. मॅडमनी तिला कारणे दाखवा नोटीस द्यायची ठरवली होती. पण नोटीस देण्याआधी त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाल्या, "काय झालंय? सांगा." ती मुलगी रडायलाच लागली. "मला काही सुचेना," ओझरच्या मॅडम म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. मग मी चहा मागवला. आम्ही दोघींनी चहा घेतला. ती गेली. काय झालंय ते मला अजून माहीत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. वेळेवर येते म्हणावं तर तसंही नाही. पण आता निघण्याआधी फोन करते."

बाई आवाज न करता हसल्या. त्यांचे खांदे हलत होते.

माझ्याही घरी त्याचा परिणाम दिसायला लागला. एका संध्याकाळी माझी तिसरीतली मुलगी मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. ती सांगत गेली, सांगत गेली आणि मध्येच थांबून माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?" एरवी मी दुसऱ्याच वाक्याला "चूक तुझीच असणार" म्हणून मोकळी व्हायचे ना!

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपत आली तेव्हा बाई घरी मोलकरणीवर ओरडल्या. गॅसवरचं दूध उतू गेलं होतं. आवाज पुन्हा गेला आणि मौनाची मुदत वाढली. हे त्यांनी आम्हाला फळ्यावर लिहून कळवलं आणि खाली लिहिलं, "दूध आणि राग दोन्ही उतू." अशा स्थितीतच आमची इंटर्नशिप आली. पाहणीसाठी एक शाळा निवडायची होती. बाईंनी पेठच्या सरांची आश्रमशाळा निवडली.

आम्ही जीप करून गेलो. सर आदल्या दिवशीच पुढे गेले होते. घाट चढताना ओझरच्या मॅडमना मळमळायला लागलं म्हणून मध्ये थांबलो, तर बाईंनी पिशवीतून आवळासुपारी काढून दिली. थंडीचे दिवस होते. भातखाचरं रिकामी, कुठे कुठे पेंढ्याचे ढीग. शाळेत पोचलो तेव्हा मुलं मैदानावर ओळीत बसून जेवत होती.

दुपारी मी निरीक्षणाचा कागद घेऊन व्हरांड्यात बसले होते. दोन खांब सोडून पलीकडे बाई पायरीवर बसल्या होत्या. एक मुलगी आली आणि त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. केस कापलेले, एका हातात वाटीभर बोरं. तिने विचारलं, "तुला बोलाय नाय येत का?"

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि गळ्याला हात लावून दाखवला.

मुलीने जरा विचार केला. मग म्हणाली, "मलापन नाय येत. हितं."

आणि ती बाईंच्या शेजारी बसली. वाटी मधे ठेवली. आणि बोलायला लागली. तिच्या बोलीत, भराभर. मला त्यातलं अर्धंमुर्धं समजत होतं, बाईंना बहुतेक तेवढंही नाही. पण त्या तिच्याकडे वळून बसल्या होत्या आणि मधूनच एक बोर उचलून तोंडात टाकत होत्या. मैदानाच्या कडेने पेठचे सर येत होते. मुलीचा आवाज ऐकून ते जागच्या जागी थांबले. खांबाआड उभे राहून ऐकत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले होते. तेव्हा मला कळलं, ही तीच.

ती गेल्यावर सरांनी आम्हाला सांगितलं, ती काय बोलत होती ते. तिचा भाऊ रात्री तिच्या कानाची पाळी धरून झोपतो. कान धरायला मिळाला नाही तर रडून रडून जागा राहतो. आत्याने आपला कान देऊन बघितला, पण आत्याचा कान त्याला चालत नाही. मोठा झाला की चालेल. तोपर्यंत तिला जायला लागतं.

"तिला जायला लागतं," सर पुन्हा म्हणाले. "आपण इथं तिला पळून जाणारी पोर म्हणून बसलोय, आणि ती म्हणते मला जायला लागतं. कामावर निघाल्यासारखी."

परतताना घाट उतरल्यावर ओझरच्या मॅडम म्हणाल्या, "माझा मुलगा माझ्या पदराचं टोक चोखायचा."

त्यानंतर पेठच्या सरांनी जे केलं ते त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. ते दिंडोरीच्या बाजूला त्या बागेवर जाऊन वडिलांना भेटले. त्या पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची छोटी शाळा होती. मुलीला तिथे घालावं, घरी आत्या आहेच, असं सर म्हणाले. वडील तयार होईनात. "तुमच्याकडं पोटभर खायाला हाय, सर. पाड्यावर आत्या एकटी, ती तरी काय काय करल?" त्यांचंही खोटं नव्हतं. सर तिथेच बांधावर बसले आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा गेले, तेव्हा आत्यालाही गाडीवर बसवून नेलं. आत्याच मुलीच्या वडिलांना म्हणाली, "पोर हितं असली तर मलाबी हात होतो. पोराला निजवाया तीच लागती." अखेर वडील हो म्हणाले.

आश्रमशाळेत मात्र गहजब झाला. अधीक्षक म्हणाले, "सर, पोरं गोळा करून आणायची सोडून तुम्ही दाखले कापताय? पट कमी झाला तर जबाबदार कोण?" सरांनी ऐकून घेतलं. दाखला मात्र काढलाच.

हे सगळं वर्गात सांगून झाल्यावर सरांनी बाईंना विचारलं, "शाळेतलं एक पोर कमी झालं, बाई. तेही माझ्यामुळं. आणि मला बरं वाटतंय. हे बरोबर हाय का?"

तोवर बाईंना थोडं थोडं बोलायची परवानगी मिळाली होती. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा. त्या आवाजात त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, सर. वर्षभराने पाड्यावर जाऊन बघा. मग आपण दोघं मिळून ठरवू."

इतक्या दिवसांनी बाई बोलल्या आणि बोलल्या काय, तर मला माहीत नाही. ओझरच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र खूप हलकं वाटलं. आपण ज्यांना मानतो त्यांनी असं म्हणावं, म्हणजे आपल्यालाही म्हणता येतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजवर तपासणीसाठी समिती आली. प्राचार्यांनी आधीच व्हरांड्यात मोठा फ्लेक्स लावून घेतला होता. त्यावर अभ्यासक्रमाची उद्दिष्टं. चिंतनशील, संवेदनशील, समाजाभिमुख असे शिक्षक घडवणे, वगैरे. सगळ्यांनी ती पाठ करायची असं फर्मान निघालं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ आमच्या वर्गात आले आणि नेमकं पेठच्या सरांनाच त्यांनी विचारलं, "या अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट काय?"

सर उभे राहिले. फ्लेक्स काही त्यांना आठवेना. प्राचार्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सर म्हणाले, "साहेब, पूर्वी पोरगं पळालं की मी गाडी घेऊन आणायला जायचो. आताही जातो. पण आता गाडी बंद करतो, आधी बसतो त्यांच्या अंगणात. चहा घेतो. मग बोलतो."

ते गृहस्थ ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "छान आहे," म्हणाले. "पण उद्दिष्ट?"

इतक्यात ओझरच्या मॅडम उठल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा फ्लेक्स एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या. स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. समितीला पाहिजे ते मिळालं, प्राचार्यांनी श्वास सोडला. बाहेर आल्यावर सर त्यांना म्हणाले, "मॅडम, वाचवलंत." त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात ना, मग कुणीतरी फ्लेक्स म्हणायला हवाच होता." बाई मागे उभ्या होत्या. घशाची पर्वा न करता त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आम्हालाच त्यांना गप्प करावं लागलं.

आमच्या परीक्षा झाल्या, पदव्या मिळाल्या. बाई निवृत्त झाल्या. ओझरच्या मॅडम आता मुख्याध्यापिका आहेत, आणि त्यांच्या केबिनमध्ये चहा फार होतो अशी शाळेत कुजबुज आहे. पेठचे सर त्यांच्याच आश्रमशाळेत आहेत. ठरल्याप्रमाणे वर्षभराने ते पाड्यावर जाऊन आले आणि बाईंना फोन केला. मुलगी तिसरीत होती, वाचायला लागली होती, गणितात कच्ची होती. द्राक्षांच्या हंगामात तिच्या खाण्याचे थोडे हाल झाले होते, हेही त्यांनी लपवलं नाही. बाई आणि ते बराच वेळ बोलले म्हणे. काय ठरलं, ते आम्ही विचारलं नाही.

मी पुन्हा माझ्या शाळेत आले. तीच नववी-दहावी, तीच बाकं. पगारात फारसा फरक पडला नाही. बी.एड. कॉलेजातल्या जागेची जाहिरात निघाली तेव्हा नवऱ्याने आठवण करून दिली. मी अर्ज केला नाही.

गेल्या महिन्यात नववीला भूगोल शिकवत होते. सह्याद्रीच्या पश्चिमेला पाऊस जास्त आणि पूर्वेला कमी का, असा प्रश्न मी मधल्या रांगेतल्या एका मुलीला विचारला. ती उभी राहिली आणि गप्प. मागून दोघं-तिघं हात वर करून "मॅडम मी, मॅडम मी" करत होते. मी त्यांना हात खाली घ्यायला सांगितलं आणि तिच्याकडे बघत थांबले. वर्ग चुळबुळला. तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा पुस्तकाकडे. मीही खडू हातात धरून उभी. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मला प्रश्नच कळला नव्हता. पुन्हा विचारता का?"

मी फळ्यावर डोंगर काढला, त्याच्या एका बाजूला पेठ लिहिलं, दुसऱ्या बाजूला चांदवड लिहिलं, आणि पुन्हा विचारलं.